चुकारा आधी, पीक मागून

नागपूर,
पाडव्यानंतरचा रविवार

प्रिय नंद्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "आईकडे दर रविवारी भाजी कोण आणून टाकतं बे?" मी तेव्हा गाडीवर होतो, म्हणून "सांगतो नंतर" म्हणून टाळलं. आज निवांत बसलोय. सगळं सांगतो, आणि शेवटी एक गोष्ट तुझ्याकडून मान्यही करून घ्यायची आहे.

गेल्या भादव्यात ऑफिसातल्या एकासोबत कळमेश्वरच्या बाजूला एका वावरात गेलो होतो. सव्वातीन एकर काळी जमीन, विहीर, ठिबक, दोन गावरान गाई, धुऱ्यावर कडुलिंब आणि शेवगा. नवरा-बायको दोघंच राबतात, निंदणाला गावातल्या तीन-चार बाया येतात. आम्ही त्यांना दादा-वहिनीच म्हणतो. रासायनिक खत नाही की औषधाची फवारणी नाही. त्यांनी पस्तीस घरं जोडली आहेत. हिशेब सरळ आहे. हंगामाआधी ९,६०० रुपये द्यायचे आणि दसऱ्यापासून पाडव्यापर्यंत २४ रविवार वावरात जे निघेल त्यातला आपला वाटा घ्यायचा. सकाळी साडेसातला त्यांची गाडी रविनगर चौकात येते. काय द्यायचं ते वावर ठरवतं, आपण नाही.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे बाबा आठवले. तुला आठवतं, कापूस मोजायच्या केंद्रावर बैलबंड्यांची रांग लागायची आणि आपण दोघं बंडीत कापसातच झोपायचो? थंडी वाजायचीच नाही. आपल्याला मजा वाटायची, पण बाबा रात्रभर खाली बसून असायचे. कापूस मोजून झाला तरी चुकारा, म्हणजे विकलेल्या कापसाचे पैसे, हाती यायला महिने लागायचे. तोवर किराणा उधारीवर, पुढच्या पेरणीचं बियाणं उसनवारीवर. चुकारा आला की दोन दिवसांत देणेकऱ्यांकडे वाटून संपायचा. आणि इथं हा माणूस मला सांगत होता, पैसे आधी द्या, पीक मागून घ्या. मी तिथंच हो म्हटलं. घरी येऊन हिला सांगितलं तेव्हा ती दोन दिवस बोलली नाही, तो भाग सोड.

दादा म्हणाले, "भाऊ, या वर्षी बियाण्यासाठी कोणाच्या दारात गेलो नाही." आधी ते मेथी-सांभार (कोथिंबीर) मंडीत न्यायचे. माल उतरल्यावर भाव कळायचा, आणि त्या दिवशी आवक जास्त असली तर टेम्पोचं भाडंसुद्धा निघत नसे. अडत्याकडून उचल घेतलेली असली की दुसरीकडे विकायचीही सोय नाही. सगळी जोखीम त्यांच्या एकट्याच्या डोक्यावर.

माझ्या लेकीनं वाचून सांगितलं की ही पद्धत बरीच जुनी आहे. जपानात १९७० च्या दशकात गृहिणींनी आणि शेतकऱ्यांनी मिळून असे गट बांधले, त्याला ते तेईकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमधल्या दोन शेतांवर हे सुरू झालं. मला त्यातलं एवढंच भावलं, की सुरुवात खाणाऱ्यांनीही केली होती.

सुरुवातीचे रविवार जड गेले. सलग चार आठवडे मुळा! हिनं पाल्याचा झुणका केला, किसून पराठे केले, शेवटी शेजारी वाटला. मग थंडी पडली आणि पिशवी भरून यायला लागली. काटेरी वांगी, पालक, भेदरं (टमाटे), पोपटीच्या शेंगा आणि सांभार इतका, की एका रविवारी सांभारवड्या करून अख्ख्या मजल्याला बोलावलं. वांग्याच्या देठाचा काटा बोटात रुतला की मला बरं वाटतं रे. बाजारातली वांगी कशी हाताळून हाताळून गुळगुळीत झालेली असतात. ही त्याच पहाटे तोडलेली, देठ अजून ओला.

महिन्यातून एकदा आम्ही वावरात जातो. लेकीला जिवामृत, म्हणजे पिकाला द्यायचं पातळ देशी खत, ढवळायचं काम फार आवडतं. २०० लिटरच्या ड्रमात पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन-दोन किलो गूळ आणि बेसन, वर धुऱ्यावरची मूठभर माती. सकाळ-संध्याकाळ काठीनं फिरवायचं. दोन दिवसांनी वर फेस येतो आणि आंबूस वास सुटतो. तेवढं एका एकराला पुरतं.

आता तुला खरं सांगायचंय ते. फेब्रुवारीच्या शेवटी गारपीट झाली. आमच्या गच्चीवरच्या टिनावर असा आवाज, की बोललेलं ऐकू येईना. पूर्वी मी खिडकीत उभा राहून बघितलं असतं. या वेळी पोटात गोळा आला, कारण त्या वावरात माझाही वाटा होता. सकाळी आम्ही दहा-बारा जण गेलो. चपलेला चिखल चिकटून पाय उचलेना. पत्ताकोबीच्या पानांची चाळणी झालेली, भेदऱ्यांची झाडं आडवी, कडुलिंबाखाली हिरव्या पाल्याचा थर. वहिनी काही न बोलता पडलेली कच्ची भेदरं पदरात वेचत होत्या. आम्हीही वेचायला बसलो. दुपारपर्यंत सहा क्रेट भरले. घरोघरी त्यांच्या चटण्या झाल्या.

पुढचे तीन रविवार पिशवी हलकी आली. कोहळ्याची एक फोड, कांद्याची पात, कच्ची भेदरं आणि चिवळ. चिवळ जमिनीला चिकटून पसरते ना, गारांनी तिचं काही बिघडवलं नाही. दोन घरांनी उरलेले पैसे परत मागितले. दादांनी एका शब्दानं वाद न घालता दिले. मला ते फार लागलं, अजून लागतं. आपण वाटा घेतला होता, तर तो तोट्यातही घ्यायला हवा. माझ्या बाबांबरोबर तोट्याच्या वर्षी कोणी उभं नव्हतं, हे आपण दोघांनी बघितलंय.

काकूंचं, तुझ्या आईचं, सांगायचं राहिलं. आम्हा तिघांना एवढी भाजी संपत नाही, म्हणून कार्तिकापासून अर्धी त्यांना देतो. त्या चिवळीच्या आठवड्यात मी गेलो, तर काकू चष्मा लावून, सूप मांडीवर घेऊन बसलेल्या. एकेक काडी उजेडात धरून माती झटकत होत्या. "पाच पाण्यानं धुवायची, नाहीतर दाताखाली कचकच येते," म्हणाल्या. मुगाची डाळ घालून केली आणि मला भाकरीसोबत वाढली. गुडघ्याचं दुखणं, झोप न लागणं, यातलं एक अक्षर त्या दिवशी बोलल्या नाहीत. तुझ्या आजीच्या धुऱ्यावर चिवळ कुठं कुठं उगवायची तेच सांगत होत्या.

मागच्या रविवारी त्यांना वावरात घेऊन गेलो. वहिनींनी गोवऱ्यांवर रोडगे लावले होते, वांग्याची भाजी होती. काकूंनी खाली बसू नये म्हणून खुर्ची टाकली, तर त्या खुर्ची सरकवून सरळ वाफ्यात बसल्या आणि तासभर निंदण केलं. उठताना माझा हात धरावा लागला, पण चेहरा बघायला हवा होतास.

तर गोष्ट अशी. परत येताना काकूंनी रुमालाची गाठ सोडली आणि ४,८०० रुपये माझ्या हातात ठेवले. पुढच्या हंगामाचा अर्धा वाटा, त्यांच्या नावानं. पेन्शनमधून बाजूला काढलेले आहेत. "नंदूला सांगू नको, तो म्हणेल मी पाठवतो," असं म्हणाल्या. मी तुझ्यापासून काही लपवत नाही, म्हणून सांगतोय. पण तू पैसे पाठवू नकोस आणि त्यांना रागावूही नकोस. मी ते घेतले आणि दादांच्या वहीत त्यांचं नाव लिहून आलो. छत्तिसावं नाव आहे.

दसऱ्याला येशील तेव्हा रविवार धरून ये. सकाळी साडेसातला रविनगर चौकात काकूंची पिशवी तूच उतरवून घे.

तुझा,
विज्या