बाबांच्या काठीचा हिशेब

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन असताना पत्र कशाला, असं आई म्हणेल. तर आई, फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू तुझ्या मनाने त्यांना सांगतेस. शिवाय यात थोडं गणित आहे. ते कागदावरच बरं.

गेल्या रविवारी बाबांनी विचारलं, "ते गुडघ्याचं करत होतीस ना एवढी वर्षं, बसवला का शेवटी कुणाला?" मी म्हटलं, रेंज जातेय. रेंज कुठेही गेली नव्हती.

नाही, बाबा. कुणालाही बसवला नाही. बारा वर्षांचं काम होतं. तीन पोरांच्या पीएचड्या त्यातून झाल्या, पेपर निघाले, मी प्रोफेसर झाले. पण माझा कृत्रिम गुडघा घालून चालणारं माणूस या जगात नाही. हे तुम्हाला सांगायची मला लाज वाटत होती, कारण तुम्ही डेपोत रात्रपाळीला जी गाडी दुरुस्तीला घ्यायचात ती पहाटे स्टँडवर लागलेली असायची. माझ्या कामाची गाडी डेपोच्या बाहेरच पडली नाही.

काय झालं ते नीट सांगते, तुम्हाला कळेल. आई खुर्चीवर बसून पूजा करायला लागली आणि रोज चिडचिड करायची, तेव्हा हे डोक्यात आलं. नेहमीचा कृत्रिम गुडघा साधारण ११०-१२० अंशांपर्यंत वाकतो. खुर्ची, जिना, बसची पायरी, एवढ्याला तो पुरतो. पण उकिडवं बसायचं तर १३० च्या पुढे जावं लागतं, आणि मांडी घालायची तर वर पीळही पडतो. आपल्याकडचं सगळं आयुष्य जमिनीवर, आणि गुडघा मात्र खुर्चीवाल्यांचा. म्हटलं, आपण करू.

गुडघ्यात वर धातू आणि खाली प्लॅस्टिकची गादी असते, पॉलिथिलिनची. धातू तिच्यावर घसरत-लोळत फिरतो. गुडघा फार वाकला की धातू मागच्या कडेला जातो, टेकण्याची जागा चिमूटभर उरते आणि सगळा भार तिथे एकवटतो. आम्ही कड गोल केली, उतार बदलला, कॉम्प्युटरवर सगळं छान दिसलं. मग मशीनवर लावलं. पद्धत अशी की ५० लाख वेळा वाकवायचं. १० लाख म्हणजे साधारण वर्षभराचं चालणं धरतात. सेकंदाला एक फेरी धरली तर दिवसरात्र ५८ दिवस. त्यात तेव्हाचं लोडशेडिंग. पोरं लॅबमध्ये सतरंजी टाकून झोपायची आणि लाइट आली की उठून मशीन चालू करायची.

३० लाखांच्या पुढे गादी काढली, धुतली, वजन केलं. मग मी ती टेबलावर ठेवली आणि पोरांना विचारलं, "कुठून खाल्लंय, सांगा."

हे वाक्य कुणाचं, ते तुम्हाला माहीत आहे. मी आठवीत असेन. तुम्ही पुढचं चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा झिजलेला बुश डेपोतून आणून ओट्यावर ठेवायचात, आई ओरडायची, आणि तुम्ही विचारायचात, कुठून खाल्लंय? एका बाजूने जास्त खाल्लाय म्हणजे काय असेल? मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. १९८७ साली मेकॅनिकलच्या वर्गात आम्ही दोनच मुली, आणि नात्यातले म्हणत होते की मुलीला इलेक्ट्रॉनिक्सला तरी घाला, हात काळे होणार नाहीत. तुम्ही म्हणालात, हात धुता येतात.

तर गादी मागच्या कडेलाच खाल्लेली होती. पापुद्रे सुटलेले. सरळ चालण्याच्या भागात काही नाही, आणि ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला तिथेच खड्डा. आणखी दोन आकार करून पाहिले. मग पैसे संपले. खरं सांगू, पैसे मिळालेही असते. माझीच हिंमत संपली. माणसाच्या शरीरात घालायची वस्तू आहे, "बघू या काय होतं" म्हणून चालत नाही. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली म्हणून डॉक्टर होते, खुब्याचा आजचा कृत्रिम सांधा त्यांचाच. त्यांनी आधी टेफ्लॉन वापरलं होतं. घसरायला उत्तम, पण काही वर्षांत झिजून गेलं आणि कितीतरी माणसांची ऑपरेशनं पुन्हा करावी लागली. मग १९६२ मध्ये त्यांनी पॉलिथिलिन आणलं आणि ते टिकलं. त्यांच्या टेफ्लॉनबद्दल वाचलं की मला आमचा गुडघा मशीनवरच अडला याचं बरं वाटतं. सगळ्याच दिवशी वाटतं असं नाही.

मग केलं काय मी? शिकवलं. वर्षाला साठेक पोरं धरली तरी ३५ वर्षांत दोन हजारांवर गेली. बहुतेकांचा हाडाशी काही संबंध राहिला नाही. कुणी फाउंड्रीत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये, एक तर कीर्तन करतो. पण एसओएमचा, म्हणजे वस्तू किती ताण सोसते त्या विषयाचा, बेंडिंगचा तास ते विसरले नसणार. आई, तू पुढचा परिच्छेद सोड. मी खाटकाकडून बकऱ्याची नळी आणते, सोलून, उकळून, वाळवून, आणि वरचं टोक हॅकसॉने उभं कापते. आत जाळी असते. ती कशीही नसते, तिच्या तारा वळणावळणाने एकमेकींना छेदत जातात. १८६० च्या दशकात झुरिचमध्ये हेर्मान फॉन मायर या शरीररचनेच्या प्राध्यापकांनी माणसाच्या मांडीच्या हाडाचा असाच छेद दाखवला, आणि कार्ल कुलमान नावाचा इंजिनियर बघतच राहिला. क्रेनच्या वाकड्या बाकात ताण आणि दाबाच्या ज्या रेषा तो कागदावर काढायचा, तशाच त्याला त्या वाटल्या. अगदी तंतोतंत नाहीत, हेही मी पोरांना सांगते. आणि मोठा फरक असा की ओझं वाढलं म्हणून क्रेन जाड होत नाही. हाड होतं, आणि ओझं गेलं की बारीक होतं. हे बर्लिनच्या युलिउस वोल्फ यांनी १८९२ मध्ये नियम म्हणून मांडलं.

आई, आता वाच. आमच्या चालण्याच्या लॅबमध्ये पहिली चालली ती तू. आठवतंय? जमिनीत वजनाची पट्टी, भोवती कॅमेरे, आणि अंगाला चकाकणाऱ्या गोळ्या चिकटवायच्या. गोळ्या सहावारीवर काही केल्या दिसेनात. तू आत जाऊन माझ्या पिशवीतली आजीची नऊवारी काष्टा मारून नेसून आलीस आणि म्हणालीस, "घ्या, दिसतायत का आता गुडघे?" पोरं अजून त्याला काष्टा प्रोटोकॉल म्हणतात.

आणि आता काठी.

बाबा, तुमचा उजवा खुबा दुखतो आणि काठी तुम्ही उजव्या हातात धरता. दुखऱ्या बाजूला आधार, हे मनाला पटतं, पण हिशेबाला पटत नाही. तुमचं वजन ६० किलो. एका पायावर उभं राहिलं की त्या खुब्यावर उरलेल्या अंगाचं सुमारे ५० किलो वजन येतं, आणि ते खुब्याच्या बरोबर वर नसतं, साधारण १० सेंटिमीटर आतल्या बाजूला असतं. अंग तिकडे पडू नये म्हणून बाहेरचा स्नायू ओढतो, पण त्याची दांडी खुब्यापासून ५ सेंटिमीटरचीच. म्हणजे त्याला १०० किलोने ओढावं लागतं. पहारीचंच गणित आहे, फक्त आखूड बाजू आपल्या वाट्याला. सांध्यावर ५० अधिक १००, दीडशे किलो. तेही नुसतं उभं राहून. बर्लिनमध्ये कृत्रिम खुब्यातच मोजण्याचं यंत्र घालून पाहिलं. सावकाश चालताना वजनाच्या जवळजवळ अडीच पट भार भरला.

आता काठी डाव्या हातात घ्या. ती उजव्या खुब्यापासून ४० सेंटिमीटरवर टेकते. तिच्यावर फक्त ५ किलो दाब द्या, भाजीच्या पिशवीएवढा. स्नायूची ओढ १०० वरून ६० वर येते, सांध्यावरचा भार दीडशेवरून १०५ वर. लांब पहार आता तुमच्या हातात आहे. उजव्या हातात धरलीत तर स्नायूवरची ओढ वाढतेच. तुम्ही अंग उजवीकडे कलतं टाकता म्हणून निभतंय, आणि म्हणूनच कंबर धरते. आकडे मी सोपे घेतलेत, पण चूक नाहीत. पेन्सिल घेऊन तपासा, तुम्ही तपासणारच.

वाय. सी. फंग नावाचे एक मोठे माणूस होऊन गेले, १९१९ ते २०१९, पूर्ण शंभर वर्षं. विमानाचे पंख का थरथरतात यावर त्यांचं अमेरिकेत नाव झालेलं. त्यांच्या आईला तिकडे चीनमध्ये काचबिंदू झाला. ते तेव्हा जर्मनीत होते. तिथल्या लायब्ररीत बसून डोळ्यावरचे पेपर वाचायचे आणि भाषांतर करून आईच्या डॉक्टरांना पाठवायचे. त्यातून ते जिवंत शरीराच्या यांत्रिकीकडे वळले आणि आमचं सगळं शास्त्र उभं राहिलं. मी उलटी आले बघा. आधी शास्त्र केलं, आणि तुमची काठी चुकीच्या हातात आहे हे मला दिवाळीला घरी येऊन दिसलं, तेही आल्यावर तिसऱ्या दिवशी.

शनिवारी कोयनेने येते. काठी तुमच्या उंचीला दोन बोटं जास्त आहे असं मला वाटतं. पण शेजारच्याकडून करवत आणून लगेच कापू नका. चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिलात की मनगटाच्या रेघेशी मूठ यायला हवी, ते मी मापते. खालचं रबरी बूच मी इकडून आणते आहे, जुनं टाकू नका. एका बाजूने जास्त खाल्लं असेल, मला बघायचंय.

तुमची
थोरली