तापाच्या दिवसाचा रोज

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. गोठा आणि शेत मिळून १४ माणसं आता तुझ्या हजेरीवर आहेत. संसर्ग टाळायला काय नियम लावू, असं विचारलंस. बाकी काही ठरवायच्या आधी एवढं ठरव : ताप आला म्हणून कोणाचा रोज कापायचा नाही. रोज बुडणार म्हटलं की माणूस ताप लपवतो, गोळी घेऊन धारेला बसतो आणि रात्री खोलीत इतरांशेजारी झोपतो. आजार तुला कळतो तोवर आठवडा गेलेला असतो. शेतीतल्या सुरक्षिततेबद्दल आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २००१ चा करार आहे. जिवाला किंवा तब्येतीला तातडीचा, गंभीर धोका आहे असं रास्त कारणाने वाटलं, तर मजुराला कामावरून बाजूला होता यावं आणि त्यासाठी त्याचं नुकसान होऊ नये, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तू हे पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर, मुकादमाच्या देखत सांग.

आता गोठा. सगळ्यात जास्त जप ते गाय गाभडते, म्हणजे तिचा गर्भ वेळेआधी पडतो, तेव्हा. गाय वरून धडधाकट दिसते, म्हणून माणसं उघड्या हातांनी जार (वार) ओढतात. ब्रुसेलोसिस, म्हणजे गाय गाभडवणारा आणि जनावरापासून माणसाला लागणारा आजार, असेल तर त्या जारेत, पडलेल्या गर्भात आणि स्रावात जंतू खच्चून भरलेले असतात. हाताच्या बारीक ओरखड्यातून, डोळ्यात उडालेल्या थेंबातून, श्वासातूनही ते आत जातात. म्हणून त्या गाईला लगेच वेगळी बांधायची आणि तिच्याजवळ एकच माणूस जाईल. गरोदर बाईला तिथे कधीही पाठवू नकोस. जाणाऱ्याच्या अंगावर खांद्यापर्यंतचे हातमोजे, प्लॅस्टिकचा एप्रन, गमबूट, डोळ्यांना बाजूंनी बंद चष्मा आणि एन-९५ मास्क हवा. दाढी असेल तर तो मास्क गालाला चिकटत नाही आणि हवा कडेने शिरते, तेव्हा या कामाला दाढीवाला माणूस नको.

पशुवैद्याने नमुना घेईपर्यंत काही हलवायचं नाही. नंतर गर्भ आणि जार जाड दुहेरी पिशवीत भरून, विहिरीपासून लांब, कुत्री उकरू शकणार नाहीत इतक्या खोल पुरायची, नाहीतर जाळायची. खालचं गवत कोरडं झाडू देऊ नकोस. आधी पाणी शिंपडून ओलं करायचं, मग गोळा करायचं. क्यू-फीव्हर हाही जनावरांपासून माणसाला होणारा ताप. त्याचा जंतू सुकलेल्या स्रावाच्या धुळीतून उडतो आणि फार चिवट असतो. शेळ्या-मेंढ्या व्यायल्यावरही हीच काळजी घे.

जमीन धुताना हमखास एक चूक होते : शेणावरच ब्लीच ओततात. शेणातच ब्लीचची ताकद संपते, जंतूंसाठी काही उरत नाही. आधी खरडून साबणाच्या पाण्याने धुवायचं, मग ५ टक्क्यांच्या ब्लीचचं १ माप आणि पाण्याची ९ मापं घेऊन जमीन १० मिनिटं ओली ठेवायची. द्रावण रोज ताजं करायचं. गोठ्याच्या दारातल्या पाय बुडवायच्या ट्रेचंही तसंच. बूट ब्रशने घासून स्वच्छ केल्याशिवाय त्यात बुडवण्यात अर्थ नाही. आणि दूधयंत्राच्या नळ्या धुवायचं अ‍ॅसिड ब्लीचच्या कपाटात ठेवू नकोस. दोन्ही एकत्र झाली तर क्लोरीन वायू सुटतो.

हातमोजे काढायची पद्धत स्वतः करून दाखव. पहिला बाहेरून मनगटाजवळ चिमटीत धरून उलटा करत काढायचा आणि दुसऱ्या हाताच्या मुठीत ठेवायचा. मग मोकळ्या हाताचं बोट दुसऱ्याच्या आतल्या बाजूने घालून तो पहिल्यावर उलटा ओढायचा. बरबटलेली बाजू आत गेली पाहिजे. त्यानंतर हात वाहत्या पाण्याखाली साबणाने निदान २० सेकंद धुवायचे. शेणाने माखलेल्या हातावर सॅनिटायझर चालत नाही, त्यामुळे नळ आणि साबण गोठ्याच्या दारातच हवेत, लांबच्या मोरीत नकोत. हात धुण्याचा वेळ कामाचाच धर. कामाचे कपडे घरी जाऊ देऊ नकोस, धुवायची सोय तिथेच कर.

जनावरांना टोचायची ब्रुसेलोसिसची एस-१९ लस जिवंत जंतूंची असते. टोचताना सुई हातात गेली किंवा थेंब डोळ्यात उडाला तर माणसाला आजार होऊ शकतो. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही, ती थेट जाड डब्यात टाकायची. टोचलंच तर जागा धुवून त्याच दिवशी लसीची बाटली घेऊन डॉक्टरकडे. हा ताप एक ते चार आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही येतो. घाम येतो, सांधे दुखतात, ताप चढतो-उतरतो आणि टायफॉइड समजून भलतेच उपचार होतात. औषध साधारण सहा आठवडे घ्यावं लागतं. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडलं तर आजार उलटतो.

एखादं जनावर लाळ गाळतंय, पाणी पीत नाही, आवाज बसलाय, तर "घशात काही अडकलंय" म्हणून कोणी तोंडात हात घालायचा नाही. तो रेबीज असू शकतो. चावलं किंवा जखमेला लाळ लागली, तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायचं आणि लगेच लशीसाठी न्यायचं.

उंदीर जिथे तिथे लेप्टो, म्हणजे उंदराच्या मुतातून पाण्या-चिखलात पसरणारा ताप. धान्य झाकणाच्या पिंपात ठेव, चिखलात गमबुटाशिवाय कोणी उतरू नये, पायाच्या जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी हवी. ताप, पोटऱ्या ठणकणं आणि लाल डोळे एकत्र दिसले तर थांबू नकोस.

कोंबड्या एकाएकी पटापट मरू लागल्या तर कोणी उचलायच्या नाहीत, आधी पशुवैद्याला कळव. २०२४ मध्ये अमेरिकेत एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू दुभत्या गाईंमध्ये सापडला आणि धारा काढणाऱ्या काही जणांचे डोळे आले. आजारी गाईची धार काढताना म्हणून चष्मा हवाच. कच्चं दूध कोणी प्यायचं नाही, उकळूनच.

मजुरांच्या खोल्यांत दोन खाटांत सहा फूट अंतर, खिडक्या उघड्या आणि एक खोली आजाऱ्यासाठी कायम मोकळी ठेव. गाडीतून ने-आण करतानाही काचा खाली.

कोणालाही डॉक्टरकडे पाठवताना हातात चिठ्ठी दे : कोणत्या जनावरांत काम करतो, गेल्या काही महिन्यांत गाय गाभडली का, लस टोचली का, साचलेल्या पाण्यात उतरला का. डॉक्टरांनी हे विचारलं नाही, तर तापाने बेजार माणूस आपणहून सांगत नाही.

हातमोजे मागवायच्या आधी प्रत्येकाच्या हाताचं माप घे. बायकांच्या हातात मोठा मोजा सरकतो, धारेला आड येतो, आणि मग तो खुंटीवरच राहतो.

तुझी,
आई