‘समजावून सांगितले’च्या पुढे

महोदय,

आरोग्याची एखादी मोहीम फसली की बातमीतले एक वाक्य ठरलेले असते : ‘लोकांमध्ये जागृतीचा अभाव आहे.’ मी तीस वर्षे परिचारिका होते. रुग्णांच्या कागदांवर ‘समजावून सांगितले’ हा शेरा मी स्वतः असंख्य वेळा लिहिला, आणि महिन्याभराने तोच रुग्ण तसाच वाढलेला रक्तदाब घेऊन समोर बसलेला पाहिला. म्हणून हे पत्र.

कळले की वळते, असे आपण धरून चालतो. ज्यांना सगळे कळते त्यांचेच उदाहरण घ्या. १८४७ मध्ये व्हिएन्नात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांनी शवविच्छेदनाहून प्रसूतिकक्षात येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले बाळंतिणींच्या मृत्यूचे प्रमाण जूनमध्ये २ टक्क्यांच्या आसपास आले. आज जंतूंविषयी कोणत्याही डॉक्टरला शंका नाही. तरीही जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ साली निरीक्षण केले, तेव्हा हात स्वच्छ करायला हवेत अशा प्रसंगांपैकी ४८ टक्के वेळाच ते होत होते. या डॉक्टर-परिचारिकांना अज्ञानी कोण म्हणेल? कामाच्या धबडग्यात दर वेळी बेसिनपर्यंत जाऊन नीट हात धुवायला सवडच नव्हती. तिथले डॉक्टर दिदिए पिते यांच्या चमूने हात चोळायचे अल्कोहोलयुक्त द्रावण रुग्णाच्या खाटेपाशीच ठेवले, भिंतींवर फलक लावले, वरिष्ठ पाठीशी उभे राहिले. १९९७ मध्ये प्रमाण ६६ टक्के झाले आणि रुग्णालयात जडणारे संसर्गही घटले.

ही समज आपण रुग्णाच्या बाबतीत का दाखवत नाही? दीर्घ आजारांत उपचार नीट पाळणाऱ्यांचे प्रमाण विकसित देशांतही सरासरी ५० टक्केच असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्येच सांगितले होते. निम्मी माणसे बेफिकीर असतात, यावर माझा विश्वास नाही.

‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला ‘हो’ याखेरीज उत्तरच नसते. तो ‘ना’ दुसरे उत्तर देऊच देत नाही. एका आजींना मी एकदा वेगळे विचारले, ‘आजी, गोळी कोणत्या दिवशी चुकते?’ त्या चटकन म्हणाल्या, ‘बाहेर जायचं असतं ना सिस्टर, त्या दिवशी.’ गोळी लघवी वाढवणारी होती आणि वाटेत जायची सोय नसे. डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. त्याआधी कितीतरी महिने आम्ही त्यांना रक्तदाबाचे धोके ऐकवत होतो, याचे मला आजही वाईट वाटते.

माणसे प्रत्यक्षात कशी आणि का वागतात याचा अभ्यास म्हणजे वर्तनशास्त्र. ते आरोग्यसेवेत आणायचे म्हणजे पहिल्यांदा हेच करायचे : अडचण काय, ते विचारायचे. बाकीच्या युक्त्या नंतर. त्याही उपयोगी आहेत : अमेरिकेत एका कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना फ्लूच्या लशीची तारीख आणि वेळ स्वतःच कागदावर लिहायला सांगितली, तर लसीकरण सुमारे ४ टक्के-बिंदूंनी वाढले, असे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. मात्र दवाखान्यात औषधच नसेल, तर आठवण देणारे संदेश पाठवून काय होणार? आणि लोकांना नकळत वळवले जाते, ही शंकाही रास्त आहे. जे करतो आहोत ते त्यांना उघड सांगता येत नसेल, तर ते करू नये.

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, आरोग्यासाठी वर्तनशास्त्रांचा उपयोग वाढवण्याचा ठराव केला. त्याची सुरुवात ‘समजावून सांगितले’ या शेऱ्याशेजारी ‘अडचण काय?’ असा एक रकाना आखून करता येईल. आपल्यालाही एक विनंती आहे. ‘जागृतीचा अभाव’ असे छापण्याआधी आपल्या बातमीदाराने शिबिराला न आलेल्या चार जणांना तरी भेटावे आणि ते का आले नाहीत, हे त्यांच्याच शब्दांत छापावे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका