पहिल्याच फेरीत घरी का पाठवता?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले की आपल्या सीमाभागात कॅरम आणि इतर बैठ्या खेळांच्या आंतरशालेय स्पर्धांची लगबग सुरू होते. त्या भरवणाऱ्या शाळांना व मंडळांना गो या खेळाच्या हौशी विश्वस्पर्धेचा दाखला देऊन एक सूचना करावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या वर्षी माझी नात अशाच एका कॅरम स्पर्धेसाठी खानापूर तालुक्यातील आमच्या गावाहून पहाटेच्या पहिल्या बसने बेळगावला आली. सोबत मी होतो आणि तिच्या आईने बांधून दिलेल्या दशम्या होत्या. पहिल्या फेरीत तिची गाठ पडली ती मागील वर्षीच्या विजेतीशी. अर्ध्या तासात सामना संपला, पंचांनी तिच्या नावावर काट मारली आणि अकरा वाजता आम्ही दोघे मोकळे झालो. गावाकडची बस दुपारी तीनची होती. ती रडली नाही, थोड्या वेळाने तिने एवढेच विचारले, "आजोबा, आता आणखी कुणाशीच खेळायचं नाही का?" त्या दिवशी आलेल्या मुलांपैकी निम्मी मुले दुपारच्या आत याच प्रश्नापाशी येऊन थांबली होती, कारण बाद पद्धतीचे गणितच तसे आहे.

गो माझ्या घरी आणला तो पुण्यात जपानी भाषा शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने. चीनमध्ये उगम पावलेला आणि कोरिया व जपानमध्ये वाढलेला हा खेळ एकोणीस उभ्या व एकोणीस आडव्या रेघांच्या पटावर खेळतात. काळा व पांढरा खडा आळीपाळीने ३६१ छेदांपैकी एखाद्यावर ठेवायचा. ठेवलेला खडा पुन्हा सरकत नाही, मात्र त्याला लागून असलेले सगळे मोकळे छेद शत्रूने व्यापले की तो उचलला जातो आणि शेवटी ज्याने अधिक जागा वेढली तो जिंकतो. देवळाच्या फरसबंदीवर कोरलेली नवकंकरी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना रेघांच्या छेदावर खडा ठेवणे परके वाटणार नाही. आम्ही पट कार्डशीटवर आखला आणि खड्यांच्या जागी दोन रंगांची शर्टाची बटणे घेतली. काम उत्तम भागते.

या खेळाची जागतिक हौशी अजिंक्यपद स्पर्धा १९७९ मध्ये टोकियोत सुरू झाली आणि पहिले विजेतेपद चीनच्या न्ये वेइपिंग यांनी मिळवले. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय गो महासंघ स्थापन झाला. पुढे ही स्पर्धा जपानबाहेरही भरू लागली. २०१५ मध्ये ती बँकॉकला झाली. व्यावसायिक खेळाडूंना तिथे प्रवेश नाही आणि प्रत्येक देशाचा एकच प्रतिनिधी येतो, मग तो देश कोट्यवधी गो खेळाडूंचा चीन असो किंवा मोजके दहा-वीस जण एखाद्या वाचनालयात जमून खेळतात असा छोटा देश असो. हौशी म्हणजे कच्चा, असा मात्र कुणी गैरसमज करून घेऊ नये. २००० चे विजेते साकाई हिदेयुकी हे जपानचे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर होते. त्यानंतर ते व्यावसायिक झाले आणि २०१० मध्ये त्यांनी गोसेई हा जपानमधील मोठा किताब जिंकला. विजेतेपद बहुतेक वेळा चीन, कोरिया किंवा जपान यांच्याकडेच जाते, हे इतर देशांच्या खेळाडूंना विमानात बसण्यापूर्वीच ठाऊक असते. तरीही ते जातात. का जातात, याचे उत्तर स्पर्धेच्या मांडणीत आहे.

तिथे आठ फेऱ्या असतात आणि आठही फेऱ्या प्रत्येक जण खेळतो. पद्धत स्विस आहे, जी १८९५ मध्ये झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत प्रथम वापरली गेली आणि आज आपल्याकडील बुद्धिबळाच्या मानांकन स्पर्धांतही रुळलेली आहे. प्रत्येक फेरीनंतर सारखे विजय मिळवलेल्यांच्या जोड्या लावायच्या आणि एकदा खेळलेली जोडी पुन्हा लावायची नाही, एवढाच तिचा मुख्य नियम. पहिल्या फेरीत कोरियाच्या खेळाडूकडून हरलेला नवखा दुसऱ्या फेरीत दुसऱ्या एका हरलेल्याशी खेळतो आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीपर्यंत आपल्या तोडीच्या माणसासमोर येऊन बसतो. खरी चुरस तेव्हापासून सुरू होते. आठापैकी चार विजय की पाच, यासाठी तक्त्याच्या मधल्या भागात जी झुंज चालते, तिच्यासाठी माणसे एवढा प्रवास करतात.

समान विजय असलेल्यांचा क्रम लावण्याची रीत मला तर फारच आवडली. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्या सर्वांच्या अंतिम गुणांची बेरीज करतात. दोघांचे पाच-पाच विजय असतील आणि एकाच्या आठ प्रतिस्पर्ध्यांची बेरीज ३६, दुसऱ्याच्या प्रतिस्पर्ध्यांची २९ भरली, तर पहिला वर जातो, कारण त्याने अवघड वाट चालून तेवढेच विजय मिळवले. म्हणजे पहिल्या फेरीत ज्याने आपल्याला हरवले तो पुढे जिंकत राहावा, असे आपल्यालाच मनापासून वाटू लागते! आमच्या नातीला त्या दिवशी कोपऱ्यात बसून विजेतीचे पुढचे सामने पाहण्याला असा काही अर्थ मिळाला असता तर तीन वाजेपर्यंतचा वेळ इतका लांबला नसता.

आयोजक म्हणतील, एवढ्या फेऱ्यांना वेळ कुठून आणायचा? म्हणून मी कागदावर हिशोब करून पाहिला. बत्तीस मुले असतील तर बाद पद्धतीत ३१ सामने होतात. कॅरमचा सामना तीनपैकी दोन गेमचा धरला तर कमीत कमी ६२ आणि जास्तीत जास्त ९३ गेम होतात. त्याऐवजी स्विस पद्धतीच्या पाच फेऱ्या घेतल्या आणि प्रत्येक फेरी एकाच गेमची ठेवली, तर सोळा जोड्यांचे पाच वेळा मिळून ८० गेम होतात. पाच फेऱ्यांनंतर एकही सामना न हरलेला खेळाडू एकच उरतो, म्हणजे विजेताही निर्विवाद ठरतो. बोर्ड मात्र एकाच वेळी अधिक लागतील, हे खरे आहे. ते शेजारच्या शाळांकडून उसने मिळू शकतात. एका गेमवर निकाल लावण्यात नशिबाचा भाग थोडा वाढतो, हाही आक्षेप मला मान्य आहे, पण पाच संधी मिळालेल्या मुलाला नशीब एकदा दगा देईल, पाचही वेळा नाही.

दुसरी गोष्ट लगेच सांगतो. गोमध्ये दोन असमान खेळाडू बसले तर दुबळ्याला सुरुवातीलाच पटावर दोनपासून नऊपर्यंत खडे ठेवून देतात. जागतिक स्पर्धेत ही सवलत नसते, परंतु रोजच्या बैठकीत ती सर्रास चालते आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. त्यामुळे सत्तरीला टेकलेला मी आणि बारा वर्षांची नात एकाच पटावर खरोखरचा डाव खेळू शकतो. (हल्ली खडे ती मला ठेवून देते.)

या खेळाला चिनी परंपरेत हातांनी केलेला संवाद असे एक जुने नाव आहे. आपल्या भागात 'फलक' हा शब्द उच्चारला तरी त्यावर कोणती भाषा वर असावी, यावरून माणसे हातघाईवर येतात. गोच्या पटावर अक्षरच नसते. निपाणीचा मराठी मुलगा आणि बैलहोंगलची कन्नड मुलगी समोरासमोर बसली तर दोघांना एकमेकांची भाषा येत नाही म्हणून डाव अडणार नाही, हे मी काही भाबडेपणाने म्हणत नाही. कॅरमच्या बोर्डाभोवतीही हेच घडताना मी शिक्षक म्हणून तीस वर्षे पाहिले आहे. ते अर्ध्या तासात आटोपते, एवढीच तक्रार आहे.

तेव्हा माझी विनंती अशी की, यंदाच्या हंगामात बेळगाव, खानापूर किंवा निपाणी येथील एखाद्या तरी आयोजकाने कॅरमची बत्तीस मुलांची स्पर्धा पाच फेऱ्यांची घेऊन पाहावी. जोड्या लावण्यासाठी संगणकच हवा असे नाही. प्रत्येक मुलाच्या नावाचे कार्ड करून दर फेरीनंतर विजयांप्रमाणे गठ्ठे लावले की काम होते. हे काम मी विनामोबदला करीन. त्याच सभागृहात एका टेबलावर नऊ रेघांचे दोन छोटे गो पट मांडू देण्याची परवानगी मिळाल्यास, फेरी संपून मोकळ्या बसलेल्या मुलांना पंधरा मिनिटांत डाव शिकवता येईल. पट आणि बटणे मी घरून घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. खानापूर, जि. बेळगाव