प्लॉट ढिला आहेच की!

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला डिटेक्टिव्ह कादंबऱ्यांवरचा लेख वाचला, चांगलाय, पण हार्डबॉइल्ड कथांना (म्हणजे रांगड्या, निबर डिटेक्टिव्हच्या अमेरिकन गोष्टींना) 'प्लॉट ढिला' म्हणून सरळ नापास केलंय ते काय पटलं नाही. अहो ढिला आहेच, कोण नाही म्हणतंय! रेमंड चँडलर ह्या अमेरिकन लेखकाच्या 'द बिग स्लीप' (१९३९) कादंबरीमध्ये शोफर गाडीसकट समुद्रात सापडतो, त्याला मारलं की त्यानं स्वतःच जीव दिला ते शेवटपर्यंत धड कळत नाही, तिच्यावर पिक्चर काढणाऱ्यांनी चँडलरला विचारलं तर म्हणे मलाच माहीत नाही. मासिकात आलेल्या स्वतःच्याच जुन्या गोष्टी जोडून त्यानं ती कादंबरी केली होती, मग सांधे दिसणारच. तरी लोक वाचतात, तिच्यातल्या डिटेक्टिव्हसाठी, मार्लोसाठी.

पण नुसतं 'कॅरेक्टर भारी' म्हणूनही भागत नाही. डॅशिएल हॅमेट ह्या दुसऱ्या अमेरिकन लेखकाचा डिटेक्टिव्ह सॅम स्पेड बघा, 'द माल्टीज फाल्कन' कादंबरीमधला (ज्यांनी वाचली नाही त्यांनी हा परिच्छेद सोडा). पार्टनरचा खून होतो, तर हा लगेच ऑफिसच्या पाटीवरून त्याचं नाव काढायला सांगतो, वर त्या पार्टनरच्याच बायकोशी ह्याचं लफडं. म्हणजे माणूस हलकटच वाटतो. आणि शेवटी त्याच पार्टनरच्या खुनासाठी, जिच्यावर जीव जडलाय त्या बाईला पोलिसांच्या हवाली करतो. ज्या पक्ष्याच्या मौल्यवान पुतळ्यापायी (तोच नावातला फाल्कन, ससाणा) एवढे मुडदे पडले तो तर नकली निघतो, पण आपल्याला त्याचं काय पडलेलंच नसतं, हा आता काय करणार एवढंच बघत असतो आपण. आता ह्यात प्लॉट कुठला न् पात्र कुठलं, वेगळं काढून दाखवा की!

आपल्याकडं तरी वेगळं काय होतं, स्टँडवरच्या पुस्तकवाल्याकडं लोक 'झुंजारची आहे का', 'दारा बुलंदची आहे का' असं रहस्यकथांच्या नायकांच्या नावानंच विचारायचे, पुस्तकाचं नाव कोण घेतंय.

उलट हल्लीच्या वेबसिरीजमधले डिटेक्टिव्ह बघवत नाहीत. दारू पितात, बायको सोडून गेलेली, खिडकीत उभं राहून पाऊस बघतात, आठ एपिसोड झाले तरी एक निर्णय घेत नाहीत. त्यांच्यावर लिहा की एखाद्या रविवारी.

आपला,
एक वाचक, साखर पेठ, सोलापूर