ग्रंथालयातल्या मामांना, वसमतहून

मामा,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपवून पुण्याला आले आणि सवयीने तिसऱ्या मजल्यावर ग्रंथालयात गेले, तर तुमच्या खुर्चीवर दुसराच मुलगा. कंत्राट बदललं, जुनी माणसं गेली, एवढंच तो म्हणाला. तुमचा फोन नंबर माझ्याकडे नाही. चार वर्षं रोज दिसणाऱ्या माणसाचा नंबर घ्यावा हे मला कधी सुचलंच नाही, याचं फार वाईट वाटतंय. ऑफिसात विचारलं, तिथेही नाही. 'भोरकडचे होते' एवढंच सगळ्यांना माहीत. म्हणून हे उघड पत्र. तुमच्या घरातल्या कुणाच्या वाचनात आलं, तर त्यांनी ते तुम्हाला वाचून दाखवावं.

मी हळदवाली. तुम्ही मला याच नावाने हाक मारायचात. पहिल्या वर्षी ओळखपत्रावर गाव वाचून म्हणाला होतात, "वसमत म्हणजे हळदीचं गाव ना?" चारमजली काचेच्या त्या इमारतीत माझ्या गावाचं नाव घेणारे तुम्ही पहिले. नाहीतर पुण्यात शिकते म्हटलं की लोक विचारतात, "पुणे विद्यापीठ का?" मग सांगावं लागतं की नाही, एक लहानसं खासगी विद्यापीठ आहे, तिथे बीए एलएलबी करते. समोरच्याचा चेहरा लगेच बदलतो. सरकारी जागा थोडक्यात हुकली, म्हणून तिथे गेले. महाडीबीटीची सरकारी शिष्यवृत्ती आपल्याला लागू नाही, हे प्रवेश झाल्यावर कळलं. बँकेचं कर्ज, कर्वेनगरात कॉट बेसिसवर खोली आणि रात्रीपुरती मेस. दुपारचा डबा मी स्वतः करायचे.

त्या डब्याबद्दलच लिहायचं आहे.

फेब्रुवारी 2024 मधली ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. मी खिडकीजवळच्या टेबलावर पुरावा कायद्याचं पुस्तक उघडून बसले होते. भावाचा फोन आला. आमच्याकडे ते दिवस हळद शिजवायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, शेतात कुकरजवळ उभे होते आणि उभ्याउभ्याच कोसळले. अर्धांगाचा झटका. मी पुस्तक, पाण्याची बाटली, डबा, सगळं तिथेच टाकून पळाले. वाकडेवाडीला जाऊन नांदेडची मिळेल ती गाडी पकडली. डब्यात मेथीची भाजी आणि दोन भाकरी होत्या. त्या बसमध्ये वाटभर मला मधूनच त्या भाकरी आठवत होत्या. का, ते माहीत नाही.

पाच आठवडे नांदेडला दवाखान्यात काढले. तिथून मी विद्यापीठाला किती मेसेज केले त्याची मोजदाद नाही. प्रवेशाच्या आधी याच विद्यापीठातून दिवसाला चार-चार फोन यायचे. "ताई, दोनच सीट राहिल्यात, आज बुकिंग करून टाका." ते गोड बोलणारे लोक कुठे गेले असतील? मला नेमून दिलेल्या मेंटॉरनी माझे मेसेज वाचले, निळ्या खुणा आल्या आणि नऊ दिवसांनी एक ओळ आली, "हजेरीचे नियम सर्वांना सारखे आहेत." अण्णा कसे आहेत, एवढे तीन शब्दसुद्धा त्या ओळीत नव्हते. मी अजून ते विसरले नाही आणि विसरायचंही नाही.

मार्चच्या शेवटी परत आले. आधी विभागात गेले, मग परीक्षा विभागाच्या खिडकीवर. हॉल तिकीट मिळणार नाही, सेमिस्टर पुन्हा करा, असं उत्तर मिळालं. पुन्हा म्हणजे पुन्हा फी. मी जिना चढून वर आले, कारण त्या इमारतीत दुसरीकडे कुठे जावं हेच कळत नव्हतं.

तुम्ही मला पाहिलंत आणि आधी काहीच बोलला नाहीत. काउंटरखालचा खण उघडून माझा डबा काढलात. घासून लख्ख केलेला, झाकणावर कोरलेलं आईचं नाव वर येईल असा धरलेला. "जपून उघड, सांडेल," म्हणालात. मी उघडला. आत साखर होती. मूठभर.

"रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात," तुम्ही म्हणालात. "पहिल्या आठवड्यात मुंग्या लागल्या. मग दर सोमवारी बदलत गेलो."

मामा, दर सोमवारी! मी हिशेब केला, पाच सोमवार झाले होते. तुम्ही घरून पुडीत साखर बांधून आणायचात, जुनी काढून नवी घालायचात, आणि मी येईन की नाही हे तुम्हालाही ठाऊक नव्हतं. मी तसं म्हणालेसुद्धा. त्यावर तुम्ही म्हणालात, "नाव कोरलेला डबा आहे पोरी. असा डबा टाकून कुणी जात नाही."

त्या पाच आठवड्यांत मी ज्या ज्या खिडकीसमोर उभी राहिले होते, तिथे प्रत्येकाने माझ्याकडे काहीतरी मागितलं होतं. कागद, शिक्का, डिपॉझिट, सही. मला काही दिलंत ते तुम्हीच पहिले. मी तिथेच जिन्यात बसून ती साखर खाल्ली, सगळी, बोटाने पुसून. दवाखान्यात एकदाही रडले नव्हते, ते सगळं तिथे बाहेर आलं. तुम्ही मागे आला नाहीत, समजूतही घातली नाहीत. फक्त जिन्याकडचं दार लोटून घेतलंत, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या मुलांना मी दिसू नये. तेही माझ्या लक्षात आहे.

पुढे जे झालं त्याची अर्जबाजी इथे उगाळत नाही. पण रजिस्टरबद्दल बोलायलाच हवं. ग्रंथालयाच्या येण्याजाण्याच्या रजिस्टरात त्या दिवशी माझी आत आल्याची सही होती आणि बाहेरची जागा कोरी होती. ती जागा तुम्ही भरली होतीत. वेळ घालून तुमच्या अक्षरात, "घरून फोन. वडील आजारी. रडत गेली." हे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही ते रजिस्टर काखेत घेऊन माझ्याबरोबर कुलसचिवांच्या केबिनपर्यंत आलात आणि म्हणालात, "साहेब, ही माझ्यासमोरून पळत गेलीय." कंत्राटावरच्या माणसाने साहेबाच्या दारात असं उभं राहणं म्हणजे काय, हे तेव्हा मला कळलं नाही. आता कळतं.

वकिलीच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिलचा नियम 70 टक्के हजेरीचा आहे, पण त्याच नियमात अपवादही आहे. खरंच अडचण असेल आणि एकूण हजेरी 70 भरत असेल, तर एखाद्या विषयात 65 पर्यंत सूट देता येते. माझी एकूण हजेरी 70 च्या जेमतेम वर होती, दोन विषयांत 66. म्हणजे वाट नियमातच होती. ती मला विभागाने दाखवली नाही, मेंटॉरनी दाखवली नाही, खिडकीवरच्या बाईंनीही नाही. कायदा शिकवणाऱ्या ठिकाणी! तुमचं रजिस्टर टेबलावर आल्यावर मात्र ती सगळ्यांना दिसली. पुरावा कायद्यात शिकलो होतो की घटना घडत असतानाच केलेल्या नोंदीला वजन असतं. पुस्तकात ते कोरडं वाटलं होतं. नोंद करणारा माणूस कसा असतो, हे पुस्तकात नव्हतं.

नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाचा निकाल आला, की हजेरी कमी आहे एवढ्यावरून विधीच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये. 2016 साली दिल्लीत हजेरीपायी परीक्षेला बसू न दिलेल्या एका विधीच्या मुलाने जीव दिला होता, त्यावरून सुरू झालेलं ते प्रकरण. नऊ वर्षं लागली. मी तो निकाल तुमच्या जुन्या टेबलाजवळ बसून वाचला. त्या मुलाच्या आसपास एखादे मामा असते तर, हा विचार डोक्यातून जाईना.

बाहेरगावच्या पोरांना सांभाळणं पुण्याला नवीन नाही. एकेकाळी इथे मुलं वार लावून जेवली. डॉ. अच्युतराव आपट्यांनी 1955 साली विद्यार्थी सहाय्यक समिती उभी केली, तिच्या वसतिगृहात आजही खेड्यातली मुलं राहून शिकतात. आमच्या विद्यापीठाच्या माहितीपत्रकात मात्र समुपदेशन कक्ष, तक्रार निवारण समिती, विद्यार्थी कल्याण विभाग असं सगळं छापलेलं आहे. छापायला हरकत नाही. पण चांगुलपणा तिसऱ्या मजल्यावर काउंटरखालच्या खणात होता आणि त्याचा पगार कंत्राटदार देत होता. तुमच्यासारख्यांच्या जिवावर अशी ठिकाणं चालतात. कंत्राट बदलताना तुम्हाला एक हार, एक नारळसुद्धा मिळाला नाही असं ऐकलं. लाज वाटते.

अण्णा आता काठीशिवाय चालतात. बोलणं थोडं अडखळतं. साखरेची गोष्ट मी त्यांना सांगितली तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "त्यांना काय दिलंस?" मी काहीच दिलं नव्हतं, मामा.

यंदाची हळद निघायला अजून वेळ आहे. मागच्या वर्षीची अण्णांनी स्वतः निवडून, दळून आणली आहे. आमच्या हळदीला 2024 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, हे तुम्हाला अभिमानाने सांग असा त्यांचा निरोप आहे. त्याच डब्यात भरली आहे, काठोकाठ, झाकण दाबून लावावं लागलं. शेवटचं सेमिस्टर सुरू झालं की डबा माझ्याबरोबर कर्वेनगरच्या खोलीवर येईल. तुमचा पत्ता कळव, असं भोरकडच्या दोन मैत्रिणींना सांगून ठेवलंय. तोवर झाकणावरचं नाव वर ठेवून तो इथे फडताळात आहे.

तुमची,
हळदवाली