मिनिमम ड्यू म्हणजे काय ते आधी विचारा

मा. संपादक,
हल्ली बेळगावात, खानापुरात पोरांना नोकरी लागली की लगेच क्रेडिट कार्डासाठी फोन सुरू होतात आणि पोरं पण लिमिट बघूनच खूश, व्याज किती ते कोणच विचारत नाही. बिल २०,००० चं आलं आणि मिनिमम ड्यू (म्हणजे त्या महिन्यात कमीत कमी भरावीच लागणारी रक्कम) म्हणून हजारच भरले तर लेट फी वाचते एवढंच, बाकीच्या रकमेवर बऱ्याच कार्डांना महिन्याला ३ ते ३.७५ टक्के व्याज, म्हणजे वर्षाला ४० टक्क्यांच्या आसपास, त्या व्याजावर परत १८ टक्के जीएसटी, आणि नवीन खरेदीला बिनव्याजी दिवस पण मिळत नाहीत! एटीएममधनं कॅश काढली तर पहिल्या दिवसापासनं व्याज. फॉर्म इंग्लिशमध्ये, आमच्या भागातल्या माणसांनी वाचायचं कसं? बँकांनी निदान एक पान मराठी-कन्नडमध्ये द्यावं, ही कळकळीची विनंती. कार्ड नको झालं तर अर्ज द्या, थकबाकी नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे बँकेला ते ७ कामकाजाच्या दिवसांत बंद करावं लागतं, नाहीतर उशिराच्या दर दिवसाला ५०० रुपये त्यांनीच आपल्याला द्यायचे असतात.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)